घरात एकच जिन आणायची तर कोणती?

गुहागरहून एका गृहस्थांनी विचारलंय. मे महिन्यात मुंबईची भावंडं गावच्या घरी येतात, जेवणाआधी ओटीवर बैठक होते. हे आणि यांची बायको जिन-टॉनिक नाहीतर गिमलेट, म्हणजे लिंबू-साखर घातलेली जिन, घेतात. थोरला भाऊ मात्र ग्लासात बर्फाचे दोन खडे टाकून नुसती जिन घेतो आणि ती तासभर पुरवतो. मागच्या वर्षी कोणाच्या तरी सांगण्यावरून यांनी फुलांच्या वासाची एक महाग जिन आणली. दादांना ती फार आवडली, पण टॉनिकमध्ये घातल्यावर तिचा मागमूस राहिला नाही. त्याआधीची स्वस्तातली बाटली गिमलेटमध्ये झकास लागायची, तर ती दादांनी एका घोटानंतर बाजूला सारली. आता त्यांना दोन्हीला चालेल अशी एकच ‘सगळ्यात चांगली’ जिन हवी आहे. कोकम, शहाळं, कैरी घरचीच आहे, त्यातलं काही जिनबरोबर जमतं का, हेही विचारलंय.

मी सिंधुदुर्गात समुद्राकाठच्या एका रिसॉर्टचा बार सांभाळते, त्याआधी गोव्यात काम केलं. कुठल्याही दारू कंपनीशी माझा संबंध नाही. नाव सांगायचं तर एका ओळीत सांगता येईल, आणि पुढे मी ते सांगणारही आहे. पण तालुक्याच्या वाइन शॉपमध्ये तेच नाव मिळेल याची खात्री नसते. दुकानदार जे दोन-तीन पर्याय पुढे करेल त्यातून निवडायचं तर हाताशी कसोटी हवी. म्हणून आधी ती.

तुम्ही आणलेल्या दोन्ही बाटल्या आपापल्या जागी ठीक होत्या. अडचण अशी की एकाच जिनकडून तुम्ही दोन उलटी कामं करून घेऊ पाहताय. कॉकटेलमध्ये जिनला आंबट, गोड, कडू, बुडबुडे आणि गारठा या सगळ्यांतून वर यावं लागतं. तिथे थोडा रांगडेपणा उपयोगी पडतो. नुसती घेताना तिच्यापुढे कसलाच आडोसा नसतो. दारूचा चटका, एखाद्या मसाल्याचा अतिरेक, गिळल्यावर मागे राहणारा कडवटपणा, सगळं थेट जिभेवर येतं. एका ठिकाणी जो गुण, तोच दुसऱ्या ठिकाणी खटकतो. म्हणून ‘सगळ्यात चांगली’ असं काही हाती लागत नाही. लागते ती तुमच्या घरात दोन्ही कामं बऱ्यापैकी निभावणारी.

हे का होतं ते कळायला जिन बनते कशी ते थोडं माहीत हवं. कोकणातल्या माणसाला फेणी माहीत असते, तिथूनच सुरुवात करू. फेणीची चव बोंडूच्या, म्हणजे काजूच्या फळाच्या, आंबवलेल्या रसातून येते. जिनचं तसं नाही. जिनला आधी जवळजवळ बेचव, शुद्ध दारू लागते. धंद्यात तिला ईएनए म्हणतात, ती मळीपासून करतात किंवा धान्यापासून. त्या दारूत ज्युनिपर, धणे, लिंबू-संत्र्याच्या साली, काही मुळं, काही मसाले घालून ती पुन्हा गाळतात, म्हणजे उकळून तिची वाफ थंड करून धरतात. ज्युनिपर हे एका सूचिपर्णी झुडपाचं छोटं, मण्याएवढं फळ, आयुर्वेदातली हपुषा याच जातकुळीतली. त्याचा वास देवदाराच्या ताज्या लाकडासारखा, किंचित राळेचा. युरोपात जिन म्हणून विकायची तर चव मुख्यतः ज्युनिपरची असली पाहिजे आणि अल्कोहोल किमान ३७.५ टक्के असलं पाहिजे, असा कायदाच आहे. लेबलवर ‘लंडन ड्राय’ असेल तर अट आणखी कडक. सगळा स्वाद गाळतानाच उतरलेला हवा, नंतर वास किंवा रंग घालायचा नाही, आणि गोडवा लिटरला ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त नको. ती लंडनमध्ये बनली पाहिजे असं मात्र नाही, गोव्यातही बनते.

आता तुमची फुलांची जिन टॉनिकमध्ये का हरवली ते बघा. गुलाब, काकडी, फुलं यांचे वास नाजूक असतात आणि ग्लासातून सगळ्यात आधी उडतात. टॉनिकमध्ये क्विनाइनचा कडूपणा आहे, भरपूर साखर आहे, वर बुडबुडे आणि बर्फ. गारठ्यात कुठलाही वास दबतो, आणि नाजूक वास आधी दबतो. ज्युनिपर, लिंबाची साल, धणे यांची तेलं त्यातूनही नाकापर्यंत पोचतात. शिवाय क्विनाइनच्या कडूपणाला ज्युनिपरचा राळेसारखा कडवटपणा धरून राहतो, म्हणून जिन-टॉनिकची जोडी इतकी टिकली. तुमच्या बाटलीत ज्युनिपर मागे आणि फुलं पुढे होती. दादा बर्फावर सावकाश घेत होते, त्यांना फुलं मिळाली. तुम्हाला टॉनिकमध्ये मिळालं ते नुसतं टॉनिक.

दुसऱ्या बाटलीचं उलट. लिंबू आणि साखर या दोघांनी मिळून तिचा चटका झाकला. लिंबाचा आंबटपणा जिभेला इतका गुंतवतो की दारूचा खडबडीतपणा जाणवत नाही. दादांच्या ग्लासात लिंबूही नव्हतं, साखरही नव्हती.

तर मग निवडायचं कसं? माझी पद्धत तीन ग्लासांची आहे. नवी बाटली बारवर घ्यायची की नाही हे मी आजही असंच ठरवते. घरी नाहीतर चिपळूण-रत्नागिरीच्या एखाद्या चांगल्या परमिट रूममध्ये एक-एक छोटा पेग मागवून तुम्हालाही करता येईल. जेवणाआधी करा. तळलेली मासळी किंवा लसणाची चटणी खाल्ल्यावर यातलं काहीच कळत नाही.

पहिल्या ग्लासात पंधरा मिली जिन, बर्फाशिवाय, खोलीच्या तापमानाला. ग्लास वर निमुळता असेल तर उत्तम. ओतल्यावर दोन मिनिटं थांबा. मग नाक ग्लासात खुपसू नका, काठाच्या जरा वर धरा आणि तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्या, म्हणजे अल्कोहोलचा झणका कमी लागतो. काय आधी येतं? झाड, लिंबू, मसाला, की गोळीसारखा गोड वास? गोळीचा वास आला तर मी सावध होते, कारण बऱ्याचदा तो वरून घातलेल्या इसेन्सचा असतो. मग छोटा घोट, जिभेवर फिरवून. चटका कुठे लागतो आणि किती वेळ टिकतो ते बघा. लागला आणि विझला तर हरकत नाही. घशात धरून बसला तर ती दादांची जिन नव्हे. गिळल्यानंतर अर्ध्या मिनिटाने तोंडात काय उरलंय, हे तर नक्कीच बघा. नुसती घेण्याची जिन तिथे ठरते. काहीच उरलं नाही तर तासभर ग्लास हातात धरून काय करणार?

दुसऱ्या ग्लासात पंधरा मिली जिन आणि तेवढंच साधं पाणी. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, तेवढंच पाणी घातल्यावर ते २१.४ वर येतं. एवढ्या तीव्रतेला चटका दूर होतो आणि घटक सुटे सुटे ओळखू येतात. चव तपासणारे लोकही साधारण विसाच्या आसपास आणूनच वास घेतात. चांगली जिन इथे खुलते, कच्ची जिन इथे उघडी पडते. पाणी घातल्यावर जिन जरा धुरकट झाली तर घाबरू नका, भेसळ नसते ती. सालींची आणि ज्युनिपरची तेलं जास्त पाण्यात विरघळून राहत नाहीत, ती बाहेर येतात. मला तर ते बघून बरंच वाटतं.

तिसरा ग्लास तुमच्या कामाचा. तीस मिली जिन, दहा मिली ताज्या लिंबाचा रस, दहा मिली साखरेचा पाक, भरपूर बर्फ घालून हलवा आणि गाळून प्या. पाक म्हणजे साखर आणि पाणी समप्रमाणात. प्यायल्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारा: मला न सांगता हे कोणी दिलं असतं, तर यात जिन आहे हे ओळखलं असतं का? उत्तर ‘चांगलं सरबत आहे’ असं आलं तर ती बाटली कॉकटेलची नव्हे, कितीही महाग असो.

दादांना पहिले दोन ग्लास पटले पाहिजेत, तुम्हाला तिसरा. तिन्ही ग्लासांत पहिला नंबर घेणारी जिन मी शोधत नाही. तिन्हींत नापास न होणारी शोधते. असल्या जिनमध्ये मला तीन गोष्टी सापडतात. ज्युनिपर स्पष्ट असतो, लिंबूवर्गीय सालींचं तेल भरपूर असतं, आणि मागून येणारा एखादा घटक तोंडात रेंगाळतो: मिरी, जायपत्री, ज्येष्ठमध, एखादं मूळ. ज्येष्ठमधाकडे विशेष लक्ष द्या. साखर न घालता तो जिनला गोलाई देतो. टँकरेमध्ये ज्युनिपर, धणे, अँजेलिकाचं मूळ आणि ज्येष्ठमध एवढे चारच घटक सांगितले जातात, तरी ती तोंडात भरलेली वाटते. बाटलीवर पंधरा-वीस घटकांची यादी बघून भुलू नका. यादी लांब असली म्हणजे चव खोल असते असं मुळीच नाही.

एवढ्यावरून आता नावं.

एकच बाटली, दोन्ही कामं, तुमचं घर, तर मी स्ट्रेंजर अँड सन्स घेईन. गोव्यात बनते, २०१८ पासून बाजारात आहे. ज्युनिपरबरोबर लिंबूवर्गीय साली, मिरी, जायफळ, जायपत्री. टॉनिकमध्ये सालींमुळे उठून दिसते, बर्फावर घेतली की मिरी-जायपत्री उशिराने जाणवते, आणि कोकमाबरोबर तर मिरी जमतेच. ती मिळाली नाही तर टँकरे. टँकरे बर्फावर जरा ताठ लागेल, पण दादांना पाण्याचे थोडे थेंब घालायला सांगा, निवळेल.

दोन बाटल्यांची तयारी असेल तर मात्र मी तडजोड करणारच नाही. तुमच्यासाठी ग्रेटर दॅन किंवा बीफीटर. ग्रेटर दॅन ही नाओ स्पिरिट्सची, २०१७ सालची, गोव्यातलीच लंडन ड्राय. भारतात या नव्या जिनची लाट तिथून सुरू झाली असं म्हणायला हरकत नाही. बीफीटरमध्ये नऊ घटक, त्यात सेव्हिल संत्र्याची आणि लिंबाची साल, आणि गाळण्याआधी सगळं चोवीस तास भिजत ठेवतात. गिमलेटसाठी या दोन्ही माझ्या हाताशी कायम असतात. दादांसाठी हपुसा किंवा जैसलमेर. हपुसा नाओचीच, हिमालयातल्या ज्युनिपरची. नेहमीच्या ज्युनिपरपेक्षा मातकट, त्यात हळद, वेलदोडा, आंबा असे घटक. जैसलमेर रॅडिको खेतानची, तिच्या अकरा घटकांत वाळा आहे, दार्जिलिंगचा हिरवा चहा आहे, कंकोळ आहे. उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकणाऱ्या घरातल्या माणसाला ती चव परकी वाटणार नाही. बॉम्बे सफायर तुम्हाला सगळीकडे मिळेल. तिच्यात घटक दारूत भिजवत नाहीत, गाळताना वाफ त्यांच्यातून नेतात, म्हणून ती हलकी असते. हलकं टॉनिक आणि लिंबाच्या सालीबरोबर छान, गिमलेटमध्ये मला ती जरा कमी पडते. जुन्या दुकानांत ब्लू रिबँड दिसेल. आपल्या आधीच्या पिढीने लाइम कॉर्डियलबरोबर, म्हणजे बाटलीतल्या गोड लिंबू सिरपबरोबर, तीच घेतली, आणि त्या जोडीत ती आजही चालते.

हे सगळं माझ्या जिभेचं मत आहे. तुमच्याकडे गोड खाणारी माणसं जास्त असतील, कोणाला वेलदोड्याचा वास दारूत नको असेल, तर क्रम बदलेल. तीन ग्लास केलेत तर माझ्या क्रमाची गरजही उरणार नाही.

आता कोकम-कैरीचं. याबद्दल सविस्तर लिहिते, कारण इथे शहरातल्या पाककृती आंधळेपणाने उचलल्या की हटकून बिघडतं.

कोकमाचं आगळ आणि अमृत कोकम ही जिनसाठी दोन वेगळी द्रव्यं समजा. आगळ खारट, आंबट, तुरट. अमृत कोकम गोड सरबत. आगळ आणि टॉनिक एकत्र करू नका. कोकमाचा तुरटपणा आणि क्विनाइनचा कडूपणा एकमेकांवर चढतात आणि जीभ कोरडी पडते. आगळ घ्यायचं तर सोड्याबरोबर: साठ मिली जिन, दहा मिली आगळ, पंधरा मिली पाक, उंच ग्लासात बर्फ, वर शंभर-एकशेवीस मिली गार सोडा. आगळात मीठ किती ते प्रत्येक घरी वेगळं असतं, म्हणून आधी आगळ पाण्यात चाखा आणि मग माप ठरवा. मीठ वेगळं घालू नका. वाटल्यास एका तिरफळाचं टरफल, आतलं काळं बी काढून, बोटांनी चुरडून वर टाका. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ जे काम करतं तेच इथेही करतं. वास वर येतो आणि जीभ किंचित झिणझिणते. एकाच्या वर टरफल नको, दुसऱ्याने जिन झाकली जाते. या पेयाला मिरी-सालींची जिन हवी, फुलांची नको.

अमृत कोकमात साखर मुळातच आहे, त्यामुळे पाक नको. वीस-पंचवीस मिली पुरे, आणि थोडं लिंबू हवंच, नाहीतर जड लागतं.

सोलकढीत जिन घालण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. मी घालत नाही. जिनचा वास तेलांत असतो आणि नारळाच्या दुधातली चरबी ती तेलं शोषून घेते. वर लसूण, मिरची, कोथिंबीर. जिनची बाटली वाया, आणि सोलकढीही बिघडते. सोलकढी जेवणाबरोबर वेगळी वाढा.

शहाळ्याचं पाणी हे मात्र जिनसाठी फार चांगलं आहे, आणि तुमची मागच्या वर्षीची फुलांची जिन शिल्लक असेल तर ती इथे वापरा. शहाळ्यात कडूपणा नाही, बुडबुडे नाहीत, गोडवा मंद. नाजूक वास त्यात जिवंत राहतात. साठ मिली जिनला नव्वद मिली गार शहाळं, लिंबाची एक साल पिळून. मोठा, भरपूर बर्फ, कारण यात आंबट काही नसल्यामुळे कोमट झालं की लगेच मचूळ लागतं.

कैरीच्या पन्ह्यात वेलदोडा असतो, म्हणून ते हपुसासारख्या जिनशी जुळतं. पन्हं घट्ट असेल तर सोड्याने सैल करा. आमरस मात्र जिनपासून लांब ठेवा. हापूस इतका भरगच्च असतो की कुठलीही जिन त्यात बुडते, आणि मे महिन्यात हापूस असा खर्ची घालायला माझा जीव होत नाही.

बर्फाबद्दल थोडं, कारण मे महिन्यात कोकणात अर्धी कॉकटेलं बर्फामुळे बिघडतात. घरच्या फ्रिजच्या ट्रेमधले छोटे खडे ओले असतात आणि उकाड्यात बघता बघता वितळतात. स्टीलच्या डब्यात आदल्या रात्री पाणी लावा, सकाळी जाड वडी निघेल, ती फोडून मोठे तुकडे करा. टॉनिक आणि सोडा फ्रिजमध्ये गार केलेलेच हवेत. बर्फ पेय गार ठेवायला असतो, कोमट सोडा गार करायला लावलात तर त्यातच संपतो. मापाचंही तसंच. साठ मिली ४२.८ टक्क्यांच्या जिनमध्ये दीडशे मिली टॉनिक घातलं की पेय साधारण बारा टक्क्यांवर येतं, म्हणजे वाइनच्या आसपास. तिथून बर्फ त्याला आणखी खाली नेतो. ग्लास टॉनिकने काठोकाठ भरायची सवय असेल तर जिन हरवल्याची तक्रार पुन्हा येईल, बाटली कुठलीही असो. अडीचपट टॉनिक ही मी वरची मर्यादा धरते. बर्फ कमी असेल तर दुप्पटच. आणि त्या बारा टक्क्यांचा दुसरा अर्थ विसरू नका. गार, आंबट-गोड पेय भरभर संपतं आणि चढतं नंतर. पाहुण्यांपैकी कोणी प्यायल्यावर रात्री समुद्रात उतरतो म्हणाला तर त्याला उतरू देऊ नका. आपल्या किनाऱ्यावर त्यातूनही जीव जातात.

खरेदीचं. २०२५ च्या जूनमध्ये राज्याने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवायचं ठरवलं, तेव्हापासून गोव्यातल्या आणि आपल्याकडच्या किमतीतलं अंतर जास्तच बोचतं. म्हणून येताना गोव्याहून चार बाटल्या टाकून आणू, असं भावंडांपैकी कोणीतरी म्हणेलच. गोव्यात विकायची बाटली परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. बांद्याजवळ इन्सुलीला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा नाका आहे, गाड्या उघडून बघतात. स्ट्रेंजर अँड सन्स आणि ग्रेटर दॅन गोव्यात बनत असल्या तरी महाराष्ट्रात विकायच्या बाटल्या वेगळ्या लेबलने रीतसर येतात, त्याच घ्या. तालुक्याच्या दुकानात जिनला मागणी कमी असते, त्यामुळे एप्रिलच्या मध्यालाच दुकानदाराला सांगून ठेवा. पुढच्या मालात मागवतात. आपल्याकडे या दारूसाठी वयाची अट पंचवीस वर्षांची आहे आणि पिण्याचा परवानाही लागतो, तो दुकानात एका दिवसाचाही मिळतो. कॉलेजातली भाचरं बैठकीत असतील तर त्यांच्यासाठी अमृत कोकम वेगळं काढा.

उरलेली बाटली नासत नाही. फक्त खिडकीतल्या उन्हात ठेवू नका आणि झाकण घट्ट लावा. पाव बाटली उरली असेल तर ती लहान बाटलीत काढून ठेवा. मोठ्या बाटलीत वर हवा जास्त राहते आणि पावसाळा संपेपर्यंत सालींचा वास बसलेला असतो. गिमलेटसाठी लिंबू आदल्या दिवशी पिळून ठेवू नका. त्याच संध्याकाळी पिळलेला रस हवा.

राहिले दादा. बर्फाचे दोन खडे आणि तासभर, ही त्यांची पद्धत मे महिन्यात त्यांच्यावरच उलटते. सुरुवातीचे घोट जळजळीत आणि शेवटचे पाणचट. चांगल्या बारमध्ये मार्टिनी हलवताना साठ मिली जिनमध्ये बर्फाचं पंधरा-वीस मिली पाणी उतरतं, आणि जिन त्या तीव्रतेलाच सगळ्यात छान लागते. दादांसाठी तेच आधी करून ठेवा. स्वच्छ छोट्या काचेच्या बाटलीत तीन भाग जिन आणि एक भाग पिण्याचं पाणी घाला, म्हणजे ४२.८ ची जिन बत्तीसवर येईल. बाटली दुपारपासून फ्रिजमध्ये ठेवा. फ्रीझरमध्ये नको, तिथे जिन घट्टसर होते आणि वास मिटतो. संध्याकाळी छोट्या ग्लासात, बर्फाशिवाय, थोडी थोडी ओतून द्या. लिंबाच्या सालीचा बोटाएवढा तुकडा, पांढरा भाग न घेता, ग्लासावर पिळा म्हणजे त्याचं तेल वर उडेल, आणि साल बाहेरच ठेवा. बाटली फ्रिजमध्येच राहू दे, दर वेळी दोन-तीन घोटांपुरतीच ओता. अशी दिली तर स्ट्रेंजर अँड सन्सच काय, तुमची गिमलेटची बीफीटरही दादा बाजूला सारणार नाहीत, आणि मग दुसरी बाटली घ्यायची का हे तुम्हाला पुढच्या मे महिन्यात ठरवता येईल.